आडनावातले गाव आणि कागदाबाहेरची पणजी : बेने इस्रायल कुलशोधाच्या साधनांची चिकित्सा

करमाळ्यात बसून बेने इस्रायलांवर लिहिणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'तुमचा त्यांच्याशी काय संबंध?' प्रश्न रास्त आहे. समुद्र आमच्यापासून दूर. आमच्याकडे कमलादेवीचे देऊळ, रावरंभा निंबाळकरांचा किल्ला आणि उजनीचे पाणी. बेने इस्रायलांची गावे अलिबाग, पेण, रोहा, मुरूड या पट्ट्यातली.

संबंध आला तो एका फोनमुळे. इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या एका वृद्ध बाईंनी ओळखीच्या ओळखीतून माझा नंबर मिळवला होता. मराठी स्वच्छ, जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या वळणाचे. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या तालुक्यात जेऊर स्टेशन आहे ना? आमचे पणजोबा तिथं रेल्वेत होते म्हणतात. काही सापडतं का बघाल का?" मी मोडी वाचतो एवढेच त्यांना कोणीतरी सांगितले होते. मोडी मी कोणाकडे बसून शिकलो नाही. दुकानातल्या रिकाम्या वेळात, जुन्या खरेदीखतांवरून अक्षरे लावत लावत शिकलो. पदवी नाही. पण गावोगावच्या घराण्यांच्या वंशावळी जुळवून देण्याचे काम वीसेक वर्षे करतो आहे.

त्या बाईंना मी 'हो' म्हणालो, आणि पुढची चार वर्षे त्या एका घराण्याच्या निमित्ताने बेने इस्रायलांविषयी मिळेल ते वाचत राहिलो. जेऊर स्टेशनात काही सापडले नाही. पण जे वाचले त्यातून एक गोष्ट मनात पक्की होत गेली. या समाजाच्या इतिहासाला आपण गेली दीड-दोनशे वर्षे एकच प्रश्न विचारतो आहोत : 'तुम्ही कुठून आलात?' उपलब्ध साधने मात्र वेगळ्याच प्रश्नांची उत्तरे देतात. प्रश्न आणि साधने यांची ही फारकत हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

उत्पत्तीचा मोह

कथा बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. फार पूर्वी चौलजवळ नवगावच्या किनाऱ्याला एक जहाज फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बाकीच्यांची प्रेते लाटांबरोबर किनाऱ्याला लागली आणि नवगावातच पुरली गेली. वाचलेल्यांचा वंश कोकणात वाढला. त्यांनी तेलाचा धंदा धरला, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. ग्रंथ गेले, भाषा गेली. 'शमा' ही श्रद्धेची प्रार्थना, मुलांची सुंता, शनिवारचा विसावा आणि खाण्याचे काही नियम एवढे उरले.

या कथेला काळ जोडण्याचे काम हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी केले. १८७५ मध्ये मुंबईत इस्रायली शाळा सुरू करणाऱ्यांत ते प्रमुख होते. त्यांचा इंग्रजी इतिहासग्रंथ १८९७ मध्ये लिहून झाला आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९३७ मध्ये, तेल अवीवमध्ये छापला गेला. चाळीस वर्षे हस्तलिखित पडून होते. अँटायोकस एपिफेनीस या राजाच्या छळामुळे, इसवी सनापूर्वी १७५ च्या सुमारास, पूर्वज गालीलातून निघाले असावेत असे केहीमकरांचे मत. पुढे बऱ्याच लेखनात हे 'असावेत' गळून पडले आणि तारीख तेवढी राहिली.

केहीमकरांचा अनादर करण्याचा हेतू नाही. मलिदा, लग्नाचे विधी, सण, जेवणाखाण्याच्या रीती यांची त्यांनी केलेली नोंद आजही मोलाची आहे. पण ते कोणासाठी लिहीत होते, हे लक्षात घ्यायला हवे. समोर इंग्रज सरकार होते, मिशनरी होते आणि 'हे खरे ज्यू कशावरून?' असे विचारणारे बगदादी व युरोपीय ज्यू होते. अशा वाचकापुढे उभा राहिलेला लेखक घराण्याच्या जुनेपणावर जोर देणारच. तो इतिहासग्रंथ आहे तसाच तो एक अर्जही आहे, आणि अर्जातली विधाने आपण निकालातली समजून वाचत आलो.

मराठी वाचकाला या कथेत आणखी एक गोष्ट खटकायला हवी. सात अधिक सात म्हणजे चौदा. चित्पावनांच्या उत्पत्तिकथेतही समुद्रकिनाऱ्याला लागलेली प्रेते आहेत आणि त्यांचीही संख्या चौदा आहे. दोन्ही कथा एकाच किनारपट्टीवरच्या. यावरून दोन्ही समाज एकच, असा निष्कर्ष काढणारेही भेटतात. तो घाईचा आहे. एका मुलखात नांदणारे लोक एकमेकांच्या कथांचा साचा उचलतात एवढेच त्यातून सिद्ध होते. चौदा हा आकडा शिरगणतीतला नव्हे, कथेतला आहे.

दावीद रहाबीची गोष्टही अशीच. कोकणातल्या या लोकांची परीक्षा घेऊन ते ज्यू असल्याची खात्री करणारा आणि झिराडकर, राजपूरकर, शापूरकर या तीन घराण्यांतल्या माणसांना शिकवून 'काजी' नेमणारा हा पुरुष. कोणी त्याला हजार वर्षे मागे नेतो, तर कोणी कोचीनच्या अठराव्या शतकातल्या रहाबी घराण्यात बसवतो. एकाच नावाचा माणूस इतक्या शतकांवर फिरत असेल, तर त्याच्या आधारे कोणत्याही घराण्याची पिढी मोजता येत नाही. लेखी उल्लेख म्हणावा असा भक्कम दुवा मिळतो तो १७३८ मधला, सार्टोरियस या मिशनऱ्याच्या पत्रातला. त्यामागचा काळ परंपरेचा आहे. परंपरेलाही मान आहे, पण वंशावळीत तिची नोंद वेगळ्या शाईने करावी.

आडनाव म्हणजे पत्ता

बेने इस्रायल आडनावे 'कर'कारान्त. केहीमकर किहीमचे, पेणकर पेणचे, झिराडकर झिराडचे, राजपूरकर राजपुरीचे, अष्टमकर रोह्याजवळच्या अष्टमीचे. दिवेकर, नवगावकर, वाकरूळकर, रोहेकर अशी शंभराहून अधिक आडनावे मिळतात. 'बूट पॉलिश'मधला जॉनचाचा साकारणारे अभिनेते डेव्हिड म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर, आणि चेऊल म्हणजे चौल. त्यामुळे घराण्याचा शोध घेणाऱ्याला वाटते, किल्ली हातातच आहे. आडनाव वाचले की मूळ गाव मिळाले.

मलाही तसेच वाटले होते आणि पहिल्या वर्षी मी सपशेल चुकलो. एका जुन्या फौजी यादीत मला एक नाव सापडले. बाईंच्या पणजोबांचे नाव आणि आडनाव तेच. मी आनंदाने दोघांना एक केले, मधली वर्षे भरून काढली आणि सुबक वंशवृक्ष काढून त्यांना पाठवला. त्यांनी तो चौकटीत बसवून भिंतीवर लावला. दीड वर्षाने एका थडग्याच्या दगडाचे छायाचित्र हाती आले. त्यावर वडिलांचे नाव वेगळे होते. फौजी माणूस कोणी दुसराच. बाईंना फोन करून सांगताना माझी जीभ जड झाली. त्या एवढेच म्हणाल्या, "बरं झालं कळलं. भिंतीवरून काढते."

चूक कुठे होती? आडनाव मी रक्ताचे नाते समजलो. ते तसे नसते. एका गावात राहणारी, एकमेकांशी नाते नसलेली दोन कुटुंबे बाहेर पडल्यावर एकाच गावाच्या नावाने ओळखली जातात. शिवाय पेणकर हिंदूही असतो, मुसलमानही आणि बेने इस्रायलही. आडनाव सांगते ते एवढेच की, नाव नोंदले गेले त्या वेळी हे कुटुंब 'तिथले' म्हणून ओळखले जात होते. गावातच राहणाऱ्याला गावाचे नाव लावून ओळखण्याची गरज नसते. माणूस मुंबईला गेला, पलटणीत भरती झाला, कारकुनाने 'कुठला?' म्हणून विचारले, म्हणजे 'कर' चिकटते.

हे आमच्या तालुक्यातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. उजनी धरण १९८० च्या सुमारास पुरे झाले आणि करमाळा तालुक्यातली कितीतरी गावठाणे पाण्याखाली गेली. गावे नव्या जागी वसली, नावे जुनीच राहिली. काही घरे आणखी लांब गेली. त्यांच्या कागदांवर ज्या गावाचे नाव आहे तिथे आज मासेमारीच्या होड्या फिरतात. दोनशे वर्षांनी कोणी त्या नावावरून नकाशात बोट ठेवील तर ते पाण्यात पडेल. आडनावातले गाव असेच असते. तो शेवटचा ठाऊक असलेला पत्ता आहे, त्याला उगम समजू नये.

दुसरा खड्डा उलट बाजूचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शिकलेल्या अनेक बेने इस्रायलांनी गावाचे आडनाव बाजूला ठेवून वडिलांचे किंवा आजोबांचे नाव शेवटी लावायला सुरुवात केली. मुंबईत महालक्ष्मीजवळ डॉ. ई. मोझेस रोड आहे. १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झालेले डॉ. एलायजा मोझेस हे मुळात राजपूरकर. रस्त्याच्या पाटीवर राजपुरी उरलेली नाही. कवी निसीम इझिकेल यांच्या नावातही 'कर' नाही. भाऊ-भाऊ वेगवेगळी नावे लावतात आणि कागदावर परके होऊन जातात.

तिसरी अडचण पहिल्या नावाची. मुंबईत १७९६ मध्ये पहिले सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर आपल्या लोकांत समाजी हसाजी दिवेकर होते. मांडवीतला सॅम्युएल स्ट्रीट त्यांच्या नावाचा. शमुवेलचा समाजी, इझिकेलचा हसाजी, इसहाकचा इसाजी, अब्राहामचा अब्राजी. कोचीनच्या शिक्षकांच्या, मिशनऱ्यांच्या आणि शाळांच्या संपर्काने पुढच्या पिढ्यांत मूळ हिब्रू रूपे परत आली. म्हणजे आजोबा इसाजी आणि नातू आयझॅक. नाव तेच, पण यादीत वर्णानुक्रमाने शोधणाऱ्याला दोन वेगळे समाज दिसतील. मोडी वाचणाऱ्याने हिब्रू नावे ओळखावीत आणि हिब्रू जाणणाऱ्याने मोडी शिकावी, त्याशिवाय हा सांधा जुळत नाही. आजवरच्या ग्रंथांतली मोठी उणीव ही की, या दोन प्रकारचे वाचक एका टेबलापाशी क्वचितच बसले.

कागद काय सांगतात

हिंदू घराण्यांच्या वंशावळी जुळवताना आम्हांला काही ठरलेली दारे असतात. पंढरपूर, नाशिक, त्र्यंबकेश्वर इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या, वतनाचे कागद, आणि आमच्या सोलापूर-सांगली-कोल्हापूरकडे हेळवी. बैल घेऊन दारात येणारा हेळवी घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवतो. पण ही सगळी साधने यजमानांच्या कुळांपुरती असतात. बेने इस्रायल घराण्यासाठी दुसरी दारे ठोठवावी लागतात.

पहिले दार केतुबाचे, म्हणजे लग्नाच्या कराराचे. त्यात वर आणि वधू या दोघांची नावे वडिलांच्या नावासह येतात. तारीख हिब्रू पंचांगाची असते. हिब्रू वर्षातून ३७६० वजा केले की इसवी सन मिळतो. पण त्यांचे वर्ष आपल्या दसरा-दिवाळीच्या आगेमागे बदलत असल्याने महिना पाहिल्याखेरीज वर्ष लिहू नये. ५६५० म्हणजे १८८९ चे शेवटचे तीन-साडेतीन महिने आणि १८९० चे पहिले आठ-साडेआठ. बाईंकडे पणजोबांच्या केतुबाची झेरॉक्स होती. चार वर्षांतला माझा सर्वांत भरवशाचा कागद तोच.

दुसरे दार थडग्यांच्या दगडांचे. नवगावच्या जुन्या दफनभूमीतले दगड बोलत नाहीत, त्यांवर अक्षर नाही. लेख मिळतात ते नंतरच्या काळातले : हिब्रू, मराठी आणि इंग्रजी, कधी तिन्ही एकाच दगडावर. पावसाने मऊ दगड झिजतो आणि दर वर्षी काही अक्षरे कायमची जातात. तिसरे दार सिनेगॉगांच्या नोंदवह्यांचे. अलिबागचे १८४८ चे, पनवेलचे १८४९ चे, ठाण्याचे १८७९ चे. एकेका सिनेगॉगाभोवती लग्ने, वर्गण्या, मृत्यू यांचा हिशोब साठत गेला. चौथे दार पलटणींच्या आणि रेल्वेच्या नोकरीचे. मुंबई-सोलापूर मार्ग १८६० च्या सुमारास सुरू झाला आणि त्या मार्गाने अनेक जातींची, अनेक धर्मांची माणसे कोकणातून देशावर आली. जेऊरसारख्या स्टेशनात बेने इस्रायल कुटुंब असणे यात नवल काही नाही.

पाचवे दार सर्वांत उघडे आणि सर्वांत दुर्लक्षित : खुद्द समाजाने छापलेले मराठी साहित्य. १८३२ मध्ये जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण दिले, ते या लोकांसाठीच. वल्हांडणाच्या विधीचे पुस्तक, हगादा, मराठी भाषांतरासह १८४६ मध्ये मुंबईत निघाले. १८७४ च्या पुण्याच्या हगादात चित्रातल्या बायका लुगडी नेसलेल्या आहेत. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. १८८० च्या सुमारास बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तने सुरू झाली. पुढे नियतकालिके निघाली, वार्षिके निघाली; रिबेका रूबेन यांनी १९१७ पासून इंग्रजीत वार्षिक चालवले. अशा छापील पानांत लग्न-मृत्यूच्या वार्ता असतात, परीक्षा पास झालेल्यांची नावे असतात, वर्गणीदार असतात. कुलशोधाला लागणारा कच्चा माल हाच.

आता या विषयावरचे गाजलेले ग्रंथ पाहा. बेंजामिन जे. इस्रायल यांचा १९८४ चा लेखसंग्रह उत्पत्तीच्या प्रश्नावर सावध आणि म्हणून विश्वासार्ह आहे. समाजातल्याच माणसाने परंपरेला प्रश्न विचारायला धैर्य लागते. शर्ली बेरी आयझेनबर्ग यांचा १९८८ चा ग्रंथ साधने एकत्र आणतो. जोन रोलंड यांनी १९८९ मध्ये इंग्रजी अमदानीतल्या ओळखीच्या राजकारणाची मांडणी केली. तिघांचेही ऋण मान्य करूनही म्हणावे लागते की, ही मोठी कामे सगळी इंग्रजीत झाली. ज्या समाजाने घरात, देवळात आणि छापखान्यात मराठी वापरली, त्याची चर्चा करणारा भक्कम ग्रंथव्यवहार मराठीत उभा राहिला नाही. दोष परक्या अभ्यासकांचा नाही. मराठीत कुलवृत्तांतांची मोठी परंपरा आहे. त्या परंपरेने बेने इस्रायलांना 'आपल्यातले' धरलेच नाही, हा आपला दोष आहे.

रक्ताचा पुरावा

अलीकडे कुलशोध म्हटले की लोक थेट लाळेच्या तपासणीकडे वळतात. २०१६ मध्ये बेने इस्रायलांच्या जनुकांविषयी एक महत्त्वाचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. १८ बेने इस्रायल व्यक्तींच्या नमुन्यांची इतर अनेक समाजांशी तुलना केली होती. निष्कर्ष असा की, त्यांच्यात मध्यपूर्वेतल्या ज्यूंचा आणि भारतीयांचा, दोन्हींचा ठळक अंश आहे. हे मिश्रण सुमारे ६५० ते १०५० वर्षांपूर्वीचे असावे. ज्यू अंश पित्यांकडून अधिक आणि भारतीय अंश मातांकडून अधिक आला.

वर्तमानपत्रांनी यातला पहिला भाग मथळ्यात घेतला : 'परंपरा खरी ठरली.' पण निबंध नीट वाचला तर परंपरेचा अर्धा भाग खरा ठरतो आणि अर्धा डळमळतो. दूरदेशीचे पूर्वज होते, हे खरे. पण कथेतल्या सात जोडप्यांच्या सात स्त्रियांचे काय? जनुके सांगतात की, पूर्वज आयांमध्ये मोठा वाटा इथल्याच बायकांचा होता. शिवाय १८ माणसांवरून समाजाविषयी बोलता येते, तुमच्या-माझ्या पणजीविषयी नाही. अशा तपासणीने घराण्याचे झाड उगवत नाही, फार तर माती कोणती ते कळते.

कोण विचारतो आहे?

इथे लेखाचा खरा मुद्दा येतो. पूर्वजांचा शोध हा निरुपद्रवी छंद आहे असे आपण मानतो. बेने इस्रायलांना तसे मानण्याची चैन परवडली नाही. १९४८ नंतर हा समाज मोठ्या संख्येने इस्रायलला गेला. भारतात त्या सुमारास ते वीस हजारांच्या घरात होते. आज पाच हजारांच्या आसपास उरले. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बी पीठाने सूचना काढली : बेने इस्रायल व्यक्तीचे लग्न इतर ज्यूंशी लावताना तिच्या आईची, आजीची, शक्य तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. शास्त्रात ज्यूपण आईकडून येते. घटस्फोटाचे आणि पुनर्विवाहाचे नियम कोकणात पाळले गेले होते का, मधे कोणी बाहेरची स्त्री आली होती का, अशी शंका होती. लोक संतापले. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये धरणे धरले गेले आणि त्या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल हे सर्व बाबतींत बरोबरीचे ज्यू असल्याचे ठरवले. त्यानंतर सूचनेतून त्यांचे नाव निघाले.

कुलशोधकाच्या नजरेने ही घटना पाहिली की, त्यातली विसंगती डोळ्यांत भरते. विचारणा आईच्या बाजूची होती, कागद बापाच्या बाजूचे. मराठी नावाच्या घडणीत मधले नाव बापाचे असते. केतुबात नववधूच्या वडिलांचे नाव येते, आईचे येत नाही. पलटणीच्या आणि रेल्वेच्या यादीत बाई नाहीच. आडनाव लग्नाबरोबर बदलते आणि माहेरचे गाव पुसले जाते. म्हणजे जिथे पुरावा मागितला गेला नेमकी तीच जागा साधनांनी कोरी ठेवली होती. ही कोरी जागा बेने इस्रायलांचीच नव्हे. सात पिढ्या आईकडून सिद्ध करा असे म्हटले, तर महाराष्ट्रातली किती घराणी टिकतील? वतनाच्या कागदांनी भरलेल्या पेट्या असलेली घरेही दुसऱ्या-तिसऱ्या पणजीपाशी थांबतात. इतक्या वर्षांत मी हेच पाहिले.

याच न्यायाने समाजाने स्वतःलाही प्रश्न विचारायला हवा. बेने इस्रायलांत 'गोरे' आणि 'काळे' असा भेद होता. बाहेरच्या स्त्रीपासून झालेली संतती 'काळी' धरली जाई आणि तिच्याशी बेटीव्यवहार टाळला जाई. शब्द रंगाचे आहेत, भेद मात्र वंशाचा, आणि तो आजूबाजूच्या जातिव्यवस्थेकडून घेतलेला. जेरुसलेममध्ये ज्या प्रश्नाने हा समाज दुखावला गेला, तोच प्रश्न त्याने घरात आपल्यातल्या काहींना विचारला होता. घराण्यांच्या आठवणी सांगताना हा भाग वगळला जातो. आपल्या कुलवृत्तांतांत दासीपुत्रांची शाखा वगळली जाते, त्यातलाच हा प्रकार. वगळलेली शाखा परत जोडणे हेही कुलशोधकाचे काम आहे. ते नको असेल तर त्याने फक्त सनदा चौकटीत बसवून द्याव्यात.

तेव्हा वंशावळ हातात घेणाऱ्याने आधी विचारावे : ही कोण मागतो आहे आणि कशासाठी? लग्न रोखण्यासाठी, वरचढपणा सिद्ध करण्यासाठी मागत असेल तर आपली साधने त्या कामाची नाहीत, असे स्पष्ट सांगावे. नात आपल्या आजीचे माहेर शोधत असेल तर मात्र झिजलेल्या दगडावर कोळसा घासत बसायलाही हरकत नाही.

रोहेवाली

बाईंचा खरा प्रश्न मला तिसऱ्या वर्षी कळला. पणजोबांचे त्यांना फारसे पडले नव्हते. जेऊर हे निमित्त होते. एकदा त्या म्हणाल्या, "पुरुषांची नावं आमच्याकडं आहेत हो. मला माझी पणजी कुठली होती ते हवंय. तिच्या गावाला एकदा जाऊन यायचं होतं. आता गुडघे राहिले नाहीत, पण नाव तरी कळू दे."

केतुबात पणजीचे आणि तिच्या वडिलांचे नाव होते, गाव नव्हते. सगळे कागद संपल्यावर मी त्यांना विचारले, "घरात तिला हाक कशी मारायचे?" त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "रोहेवाली. माझी आजी सांगायची, जावा तिला रोहेवाली म्हणायच्या."

आपल्याकडे सासरी आलेल्या बाईला माहेरच्या गावाने हाक मारायची रीत घरोघर होती. वाडीवाली, पेणवाली, टेंभुर्णीवाली. कोणत्याही सरकारी किंवा धार्मिक कागदात नसलेली नोंद जावांच्या तोंडी टिकली होती आणि चार वर्षे मी ती विचारली नव्हती, कारण मला कागद हवा होता. हा पुरावा अर्थात पक्का नाही. रोहेवाली म्हणजे रोह्यात राहणारी, की रोहेकरांची लेक आणि राहणारी दुसरीकडची, हे त्या एका शब्दावरून ठरत नाही. वंशवृक्षात मी ते पेन्सिलीने लिहिले आहे आणि तसे बाईंना सांगितलेही आहे.

यातून पुढच्या अभ्यासकासाठी चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. थडग्यांवरचे लेख आधी उतरवून घ्यावेत, कारण पाऊस थांबत नाही. समाजाची मराठी छापील पाने जिथे असतील तिथून गोळा करून त्यांची नामसूची करावी. दोन माणसे एक ठरवण्यापूर्वी वडिलांचे नाव जुळल्याशिवाय रेघ ओढू नये. माझ्या चुकीचा तेवढा तरी उपयोग व्हावा. आणि म्हाताऱ्या बायकांना 'तुमचे मूळ कोणते' असे विचारण्याऐवजी 'घरात कोणाला काय म्हणायचे' असे विचारावे. हे शेवटचे काम सर्वांत तातडीचे आहे. ज्यांचे बालपण कोकणात किंवा मुंबईच्या इस्रायल मोहल्ल्यात गेले, ज्यांच्या कानावर ही नावे मराठीत पडली, त्या बायका आता ऐंशीच्या पुढे आहेत.

गेल्या उन्हाळ्यात मी रोह्याला जाऊन आलो. कुंडलिकेच्या काठी अष्टमीपर्यंत चालत गेलो, दोन-चार छायाचित्रे काढली आणि बाईंना पाठवली. दुसऱ्या दिवशी फोन आला. नातीने ती मोठी करून छापून आणली होती. वंशवृक्षाची चौकट उतरवल्यापासून भिंतीवर जी जागा रिकामी होती, तिथे त्यांनी नदीचे छायाचित्र लावले आहे. खाली काय लिहू, असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, "'रोहे' लिहा. आणि पुढे प्रश्नचिन्ह टाका."